सोनगीरच्या साइटवर तायडेसाहेब

तायडेसाहेब गेले त्यानंतरच्या रविवारी जळगावच्या बुद्धविहारात शोकसभा झाली. माणसं इतकी आली की बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. एका वक्त्याने सांगितलं, शेठने घमेलं पुढे केलं तेव्हा तायडेसाहेबांनी ते लाथेने उडवलं. टाळ्या पडल्या, आणि शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे लक्षात आल्यावर थांबल्या. दुसरे उठले ते म्हणाले, साहेबांनी हसतमुखाने मजुरी केली, एका शब्दाने तक्रार केली नाही. तेव्हाही लोकांनी माना डोलावल्या.

दोन्ही खरं नाही. मी त्या साइटवर होते. साहेब वाळूच्या ढिगापाशी आणि मी विटांच्या थप्पीपाशी, असे आम्ही महिनाभर काम करत होतो. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी कसंबसं एक वाक्य बोलून खाली बसले. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते आहे.

आमची कंपनी सरकारी गोदामं, शाळा, दवाखाने असली बांधकामं घ्यायची. ऑफिस जळगावात होतं. भास्कर तायडे तिथे पर्सोनेल मॅनेजर होते. नोकरभरती, रजा, बदल्या, भांडणं, सगळं त्यांच्या टेबलावर यायचं. मूळचे ते पहूरचे. उंच, खांद्यात जरासे वाकलेले, चालताना दोन्ही हात पाठीमागे. शर्ट पांढरा आणि इस्त्री अशी की बाही टेबलाला लागली तर आवाज व्हावा. शिंक मात्र अशी द्यायचे की खालच्या मजल्यावरचा वॉचमन दचकायचा. ऑफिसात ते शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि आईचा फोन आला की एका क्षणात पहूरला पोचायचे.

कुठलाही वाद त्यांच्यापुढे गेला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "इथे दोन गोष्टी आहेत." मग ते त्या दोन गोष्टी टेबलावरच्या दोन पेपरवेटसारख्या वेगवेगळ्या ठेवायचे. पुष्कळदा तिसरी गोष्टही निघायची. आमचे खरेदी विभागाचे खैरनार लगेच म्हणायचे, "साहेब, दोनचीच परवानगी होती." तायडेसाहेब हसायचे नाहीत. म्हणायचे, "तिसरी दुसरीच्या पोटात आहे."

मला टेंडर विभागात नोकरीवर त्यांनीच घेतलं, पुढे मी तिथली मॅनेजर झाले. माझं माहेर रावेरकडचं, वडिलांची केळी. मुलाखतीला मी टेंडरचे सगळे नियम पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलं, "घरून इथवर कशा आलात?" मी सांगितलं, एसटीने आले, रिक्षावाला जास्त मागत होता म्हणून स्टँडपासून चालत आले. "वाटेत कुणाला पत्ता विचारलात?" मी म्हटलं, तिघांना विचारला, तिघांनी तीन दिशा दाखवल्या. "मग?" "मग चौथ्याला विचारला." मुलाखत तिथेच संपली. नंतर कळलं, हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. न विचारता चालत सुटणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

मोठे शेठ होते तोवर सगळं बरं चाललं होतं. ते तायडेसाहेबांवर चिडायचे. म्हणायचे, "तायडे, तू माझा माणूस आहेस की त्यांचा?" साहेब म्हणायचे, "मी पर्सोनेलचा माणूस आहे." मोठे शेठ कपाळाला हात लावायचे आणि रजेच्या अर्जावर सही करायचे. ते वारल्यावर धाकटे शेठ आले. त्यांना ऑफिस तरुण हवं होतं. जुने मॅनेजर त्यांना जड वाटत होते, पण आम्हाला काढण्यासारखं कारण सापडत नव्हतं. आम्ही आपणहून गेलो तर त्यांना बरं होतं. दोनतीन महिने त्यांनी आमची टेबलं हलवली, केबिनी काढल्या, फोन बंद केले. आम्ही गेलो नाही.

मग एका सोमवारी त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं, तायडेसाहेब, खैरनार आणि मी. धुळ्याच्या पुढे सोनगीरजवळ हायवेला लागून गोदामाचं काम चालू होतं. तिथे मजूर कमी पडतात, उद्यापासून तुम्ही तिथे मदतीला जायचं, असं ते म्हणाले.

"मदत म्हणजे देखरेख?" खैरनारांनी विचारलं.

"मदत म्हणजे मदत. मुकादम सांगेल ते. वाळू, विटा, पाणी मारणं. तुमच्या नेमणुकीच्या पत्रातच आहे, व्यवस्थापन सोपवील ते कोणतंही काम करावं लागेल."

तायडेसाहेब म्हणाले, "हो, आहे. ते वाक्य मीच लिहिलंय."

धाकट्या शेठना हे अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "मग तर प्रश्नच मिटला. जमत नसेल तर राजीनामा द्या, मी आज मंजूर करतो."

बाहेर आल्यावर खैरनार जिन्यातच बसले. रुबाबाचा माणूस, ऑफिसात त्यांच्या अंगाला कायम अत्तराचा वास यायचा. ते म्हणाले, "मी घमेलं उचलू? या वयात?" आणि मग चिडून, कुणावर चिडावं ते न कळून म्हणाले, "तुमचं काय तायडे, तुम्हाला सवय असेल."

मी तायडेसाहेबांकडे पाहिलं. खैरनार काय बोलले ते आम्हा तिघांनाही नीट कळलं होतं. साहेबांचे आईवडील धरणाच्या कामावर, रस्त्याच्या कामावर माती उपसून, खडी फोडून जगले होते. हे ते कधी लपवत नसत आणि मिरवतही नसत.

"सवय त्यांना होती," साहेब शांतपणे म्हणाले. "ती मला लागू नये म्हणून त्यांनी तेवढी वर्षं उचललं. उठा आता, जिन्यात लोकांची वाट अडते."

घरी मी राजीनामा लिहायचा असं जवळजवळ ठरवलं होतं. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. धुळ्यात देवपूरला त्यांची थोरली बहीण राहत होती, कमलअक्का. "रोज जळगावहून जाणं-येणं जमणार नाही. जाणार असाल तर अक्काकडे तुमची सोय होईल. नाही गेलात तरी माझं काही म्हणणं नाही." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, काय करतेस? मी म्हटलं, आठवडाभर पाहते.

एप्रिल चालू होता. सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी सकाळी आठलाच पांढरी दिसायला लागायची. रमेश मुकादमाला साहेबांनीच कामावर घेतलं होतं. आम्ही तिघं एसटीतून उतरून साइटवर गेलो तेव्हा त्याला कुठे पाहावं कळेना. तो साहेबांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तुम्ही सावलीत बसा. मी तिघांचं काम लिहून टाकतो."

"खोटं लिहू नका, रमेशभाऊ. उद्या ते तुमच्यावर येईल. काय उचलायचं ते सांगा."

साहेबांनी पांढरा शर्ट काढून पिशवीत घडी करून ठेवला, जुना सदरा घातला आणि वाळूच्या ढिगाकडे गेले. त्यांना ते काम अजिबात येत नव्हतं. उंचीमुळे घमेलं डोक्यावर चढवणाऱ्या बाईला टाचा उंचवाव्या लागत. पहिल्या खेपेला वाळू कॉलरमधून पाठीत गेली. दुसऱ्या खेपेला घमेलं फळीवर रिकामं करायच्या ऐवजी स्वतःच्या बुटावर केलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. इंदूबाई म्हणून एक होती, चाळिशीची, काटक, तिथल्या बायांची म्होरकी. तिने त्यांना अर्धंच भरून द्यायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, पूर्ण भरा. ती म्हणाली, "पडी जाशात." ते खरोखरच पडले. त्यानंतर त्यांनी अर्धं घमेलं मुकाट्याने घेतलं.

दुपारी भाकरी खायला बसलो तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "चौधरीताई, इथे बायकांनी जायचं कुठे?" मी हायवेच्या पलीकडच्या बाभळींकडे बोट केलं. सकाळी इंदूबाईने मला तिथेच नेलं होतं. साहेबांचा घास हातातच राहिला. "हे मला माहीत असायला हवं होतं," ते म्हणाले. "मी इतक्या साइटवर आलो. गाडीतून उतरायचो, हजेरी पाहायचो, परत गाडीत." दुसऱ्या दिवशी मुकादमाला सोबत घेऊन त्यांनी पत्रे उभे केले, खड्डा खणून घेतला, पाण्याची टाकी ठेवली. सामान साइटवर पडलेलंच होतं. बायकांसाठी ती सोय दोन दिवसांत झाली. तिच्या दाराला कडी नव्हती, ती साहेबांनी धुळ्याहून स्वतः विकत आणून बसवली, वाकडी.

संध्याकाळी कमलअक्कांच्या ओट्यावर बसून ते आईला फोन लावायचे. आई पहूरला, ऐंशीच्या पुढची. मला वाटलं होतं, तिच्यापासून लपवतील. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, "आई, मले कंपनीनं घमेलं देलं." फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडून म्हातारी म्हणाली, "चुंबळ चांगली कर. नाही तं मान जाईन." आणि तिने फडक्याची चुंबळ कशी वळायची, गाठ आत कशी दाबायची ते सविस्तर सांगितलं. साहेब अक्कांच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन सांगेल तसं वळत होते. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "आन् त्यायनं काहून देलं रे तुले?"

"मी जावं म्हणून."

"मंग जातू का?"

"नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि जेवलास का ते विचारलं.

खैरनारांचे मात्र रोज हाल व्हायचे. त्यांची पाठ धरली होती, पण खरा त्रास हायवेचा होता. जळगाव-धुळ्याची ओळखीची माणसं त्या रस्त्याने जात-येत. ते रुमालाने तोंड बांधून काम करायचे. सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, लग्नाच्या खरेदीला लोक थांबतात. आठवडाही झाला नसेल, एक गाडी साइटसमोर पंक्चर झाली आणि त्यातून खैरनारांचे व्याही उतरले. थेट आमच्याकडेच आले, प्यायला पाणी मागायला. रुमाल असूनही त्यांनी ओळखलं. "अहो, खैरनारसाहेब? तुम्ही इथे?"

खैरनारांच्या हातात दोन विटा होत्या. त्या त्यांना ठेवताही येईनात. तायडेसाहेब डोक्यावरचं घमेलं उतरवून पुढे आले, हात झटकले, नमस्कार केला. "मी तायडे. हे आमचे खरेदी व्यवस्थापक. कंपनीने आम्हा तिघांना सध्या या कामाला लावलं आहे. आमची चूक काय ते कंपनीने सांगितलेलं नाही. बसा, चहा येतोय."

त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं की व्याही खरोखरच बसले, चहा प्यायले, कंपनीला दोन शिव्या घालून गेले. मला वाटलं, निभावलं. पण खैरनार पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. तायडेसाहेब त्यांना सोडायला स्टॉपवर गेले. त्यांनी समजावलं नाही, थांबवलंही नाही. परत आल्यावर मी विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत? ते म्हणाले, "इथे दोन गोष्टी आहेत. कामात लाज नाही. आणि हा हुकूम लाजिरवाणा आहे. मी या दोन वेगळ्या ठेवू शकतो. त्यांना जमत नाही, तर तो त्यांचा दोष नाही."

महिना उलटला. साहेबांना आता पाऊण घमेलं जमत होतं. मान काळी पडली होती. पण चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान दिसायला लागलं होतं, आणि मला वाटतं त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. धाकटे शेठ आपल्याला वाकवू शकत नाहीत, हे रोज संध्याकाळी एकदा सिद्ध होत होतं. आम्ही जिंकतो आहोत असंच आम्हा दोघांना वाटत होतं.

एका दुपारी इंदूबाई आमच्याजवळ येऊन उकिडवी बसली. भाकरी खाऊन झाली होती. ती म्हणाली, "साहेब, एक सांगू? राग मानू नका."

"बोला, इंदूताई."

"तुम्ही आवनात आनि मनी बहीन घर बसी गयी. सुरेखा. तिना जागावर तुम्ही शेतस."

साहेबांना आधी कळलंच नाही. मग तिने नीट सांगितलं. आम्ही आलो त्या आठवड्यात मुकादमाने दोन बायांना 'येऊ नका' सांगितलं होतं. वरून निरोप होता की तीन माणसं फुकट मिळाली आहेत, रोजाची दोन कमी करा. सुरेखा त्यांतली एक, पदरात दोन लेकरं.

"तुमले पगार भेटसच. तिले कामवर आवनी तरच भेटस," इंदूबाई म्हणाली. "तुमना झगडा शेठसंगे शे. मंग आमना पोटवर काबर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला शर्टाचं बटण तुटलंय हे सांगावं तसं तिने सांगितलं. साहेबांनी मुकादमाला बोलावून विचारलं. त्याने मान खाली घातली. "तुम्ही विचारलं नाही साहेब, म्हणून मी बोललो नाही."

त्या दुपारी साहेबांनी घमेलं उचललं नाही. संध्याकाळी एसटीत ते खिडकीबाहेर पाहत बसले होते. देवपूर येता येता म्हणाले, "ताई, मी माझा ताठा सांभाळत होतो. तो त्या सुरेखाच्या भाकरीवर उभा होता." मी म्हटलं, आपल्याला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "आता माहीत आहे." त्या संध्याकाळी त्यांनी आईलाही फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतला जुना सदरा काढलाच नाही. पांढऱ्या शर्टातच हजेरी लावली, मुकादमाला सांगितलं, "मी कामावर हजर आहे. पण वाळू उचलणार नाही. सुरेखाताईंना बोलवा, त्या दुसऱ्या बाईंनाही." आणि एका सिमेंटच्या ब्लॉकवर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. मुकादम हात जोडायला लागला, पण स्लॅबचं काम अडत होतं. दुपारनंतर त्याने एकट्या सुरेखाला बोलावून घेतलं. ती आली, आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागली. तिने आभार मानले नाहीत. मानण्यासारखं आम्ही काही केलंही नव्हतं.

बसणं उचलण्यापेक्षा अवघड होतं. मे लागला होता आणि सावली सरकत जायची. शेजारी माणसं राबत असताना नुसतं बसायचं म्हणजे अंगाला काटे टोचल्यासारखं व्हायचं. साहेबांना तर फारच. मधूनच उठून ते एखाद्या बाईच्या लेकराला पाणी पाजायचे आणि परत येऊन बसायचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाकटे शेठ गाडीतून आले. गाडीतून उतरताच म्हणाले, "काय तायडेसाहेब, कामाची लाज वाटायला लागली?"

"काम मी महिनाभर केलं. मुकादमांना विचारा."

"मग आता काय झालं?"

"तुम्ही मला काम द्या. माझ्या नावाने दुसऱ्याचं काम काढून घेऊ नका. दोन्ही बाया कामावर राहणार असतील तर मी आत्ता घमेलं उचलतो."

शेठ हसले. "म्हणजे साइटवर किती मजूर लागतात ते आता तुम्ही ठरवणार?"

"नाही. मी कुणाच्या जागेवर उभा राहायचं, एवढंच मी ठरवतो."

बांधकाम थांबलं होतं. फळीवर, पायाडावर, सगळीकडे माणसं उभी राहून पाहत होती. शेठच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा आवाज चढला. "उद्यापासून दोघांनीही यायचं नाही. संपलं!"

साहेब उठले. हात पाठीमागे बांधले. म्हणाले, "बरं." मग मुकादमाला रामराम केला, बायांना नमस्कार केला. हायवेवर येईपर्यंत ते ताठ चालत होते. एसटीच्या थांब्यावर आल्यावर ते बाकावर बसले. त्यांच्या धाकट्या मुलीचं शिक्षण चालू होतं. नोकरी गेल्याचं घरी कसं सांगायचं, एवढंच ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

धुळ्यात कमलअक्कांच्या ओळखीचे एक वयस्कर वकील होते. त्यांच्याकडे जाताना आम्हाला आशा नव्हती. मॅनेजरला कामगार न्यायालयात दाद मागता येत नाही, हे साहेबांना पाठ होतं. त्याच कायद्याच्या जोरावर त्यांनी कंपनीची बाजू कितीदा मांडली होती. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "महिनाभर तुम्ही साइटवर नक्की काय केलं?"

"वाळू वाहिली."

"मॅनेजरचं एक तरी काम केलं? कुणाची रजा मंजूर केली? कुणाला कामावर घेतलं?"

"नाही. फक्त वाळू."

वकील इतके हसले की आतून त्यांची सून पाहायला आली. "तायडेसाहेब, तुमच्यासाठी त्या न्यायालयाचं दार बंद होतं. शेठने तुमच्या डोक्यावर घमेलं ठेवून तुम्हाला स्वतःच्या हाताने आत ढकललं."

पण वाळू वाहिली हे सांगायला साक्षीदार हवा होता. मुकादम नाही म्हणाला, त्याचं घर त्या नोकरीवर होतं. वकील म्हणाले, इंदूबाईला आणा. साहेब तयार होईनात. "तिचं काम जाईल. परत तेच होईल." दोघांची चांगलीच वादावादी झाली. शेवटी साहेबांना न सांगता मी सोनगीरला गेले आणि इंदूबाईला सगळं सांगितलं, काम जाण्याच्या शक्यतेसकट. ती विटा रचत होती. हात न थांबवता म्हणाली, "काम काय तेसनाकडेच शे का? बठ्ठा सोनगीर बांधी ऱ्हायना." सगळ्या सोनगीरभर बांधकामं चालू होती, हे खरंच होतं.

प्रकरण लांबलं. दीड-दोन वर्षं आम्ही तारखांना जात राहिलो. साहेब तेवढ्या काळात एका शाळेत अर्धवेळ हिशेबाचं काम करत होते. मी घरी शिकवण्या घेत होते. इंदूबाईच्या साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने तिला विचारलं, हे साहेब तिथे देखरेख करत होते ना? ती म्हणाली, "देखरेख? यासले घमेलं उचलता ये नही. पन रोज उचलेत. बुटवर वाळू पाडेत." न्यायाधीशांनी हसू आवरलं. मग त्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, हे मॅनेजर होते तर यांच्या डोक्यावर वाळू का दिली? आणि मजूर होते तर माझ्यासमोर का यायचे नाहीत? वकिलाने पुढची तारीख मागून घेतली.

त्या तारखेआधीच कंपनीने तडजोडीचा निरोप पाठवला. आम्हा दोघांना जुन्या जागेवर परत घेतलं. साहेबांनी खैरनारांनाही परत घ्या असा हट्ट धरला. कंपनी कबूल झाली, पण खैरनारच आले नाहीत. त्यांनी तोवर नाशिकला मुलाकडे बस्तान हलवलं होतं आणि आमच्यापैकी कुणाचा फोन ते उचलत नसत. साहेबांना हे फार लागलं. ऑफिसात परतल्याच्या पहिल्या दिवशी लोक पेढे घेऊन आले, तर साहेबांनी पेढा हातात घेतला आणि म्हणाले, "तिघं गेलो होतो." पेढा तसाच टेबलावर राहिला.

इंदूबाईला मात्र आमच्या कंपनीच्या साइटवर पुन्हा कधी काम मिळालं नाही. तिने त्याबद्दल साहेबांना कधी सुनावलं नाही. पण साहेब धुळ्याला गेले की तिच्या घरी जाऊन यायचे. तिच्या मुलीला नर्सिंगला घालायचं तेव्हा कॉलेजच्या फेऱ्या त्यांनीच मारल्या. निवृत्त झाल्यावरही ते जाणं-येणं चालूच राहिलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच मुलीच्या लग्नात. शिंदखेड्याजवळच्या एका गावात, शाळेच्या मैदानावर मांडव होता. साहेब बायकोला घेऊन आले होते. अंगाने उतरले होते, पण बऱ्या मूडमध्ये होते. डीजेचा आवाज सहन होईना म्हणून कानात कापूस घातला होता आणि कुणी काही बोललं की "काय?" असं ओरडत होते. शहरी दिसणारे हे पाहुणे कोण, म्हणून नवऱ्या मुलाकडच्या एका म्हातारीने इंदूबाईला विचारलं, "ह्या कोन शेतस वं?"

मी जवळच उभी होते. साहेब आहेत, कंपनीत मोठे होते, कोर्टात लढले, असं काहीतरी ती सांगेल असं मला वाटलं. इंदूबाई घाईत होती. अक्षतांची परात दुसरीच्या हातात देत ती म्हणाली, "मनासंगे कामले व्हतात."

सोबत कामाला होते, एवढं म्हातारीला पुरलं. साहेबांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही, कानात कापूस होता. एवढ्यात जेवणाची पंगत बसली आणि वाढायला माणसं कमी पडली. कुणीतरी हाक मारली. साहेब उठले, वरणाची बादली उचलली आणि रांगेत शिरले. वाढायचं त्यांना येत नव्हतंच. बट्ट्यांवर भसाभसा वरण ओतत, नको म्हणणाऱ्याला "काय?" असं विचारत, ते पत्रावळींवरून पुढे पुढे सरकत गेले. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर रिकामी बादली उंच धरून त्यांनी आणखी वरण मागितलं.